हरलेल्या कुस्तीचा एक गुण : सहावी ते आठवीच्या शाळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

एकतीस वर्षं पी.टी.चे तास घेतले आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या काळात किती पोरं तालुक्याच्या कुस्ती स्पर्धेला नेली याची मोजदाद ठेवली नाही, पण परतीचा प्रवास डोळ्यांसमोरून हलत नाही. पोरगं पहाटे पाचला उठलेलं असतं. वजन जास्त भरेल या भीतीने उपाशीच येतं. वजनं, कागदपत्रं, उद्घाटन, पाहुण्यांचे सत्कार यांत दुपारचे तीन वाजतात. मग नाव पुकारतात, पोरगं आत जातं, सलामी होते, समोरचा तालमीतला तयार गडी पट काढतो आणि चाळीस सेकंदांत सगळं आटपतं. बाद पद्धत असल्यामुळे त्या पोराची कुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत संपलेली असते. वडापच्या जीपमध्ये मागच्या सीटवर ते खिडकीबाहेर बघत बसतं आणि आपण त्याला वडापाव घेऊन देतो. शाळेच्या दप्तरी नोंद पडते : कुस्ती, सहभाग चार.

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही वयोगटातली शालेय स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. तिच्यातून मल्ल निवडले जातात आणि ते व्हायलाच हवं. पण निवड होणारा एक असतो आणि वडापात बसणारी बाकीची सगळी. माझी मागणी या बाकीच्यांसाठी आहे. दिवाळीनंतर प्रत्येक केंद्रातल्या, म्हणजे शेजारपाजारच्या, पाच-सहा शाळांनी आपापसात सांघिक कुस्तीची साखळी खेळावी. शाळेविरुद्ध शाळा, एका सामन्यात नऊ कुस्त्या, सहा मुलांच्या आणि तीन मुलींच्या. दर कुस्तीचे गुण संघाच्या खात्यावर. सहा शाळा असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात पाच कुस्त्या येतात. पहिल्या शनिवारी हरलेल्याला पुढच्या शनिवारी परत उभं राहायला मिळतं. वर्षातून एकदाच हरणारं पोरगं हरायलाही शिकत नाही, जिंकायला तर नाहीच.

सांघिक कुस्ती म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी हिशेब जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत त्या हिशेबातच आहे. जत्रेतल्या निकाली कुस्तीत पाठ लागली की संपलं. बाकी सगळं बरोबरीत सोडवलेलं. आंतरराष्ट्रीय नियमांत तसं नाही. तिथे चितपट करणाऱ्याला पाच गुण मिळतात. कुस्ती चालू असताना दहा गुणांचा फरक पडला तर पंच ती तिथेच थांबवतात आणि जिंकणाऱ्याला चार मिळतात. साध्या गुणांवर जिंकलं तर तीन. आणि हरणाऱ्याने चितपट न होता कुस्तीत निदान एक गुण मिळवला असेल, तर त्यालाही एक मिळतो. हा शेवटचा एक गुण लक्षात ठेवा. हे पत्र त्या एका गुणासाठीच लिहिलं आहे.

आम्ही पाच शाळांनी मिळून अशी साखळी दोन हिवाळे चालवली. कुणाचा आदेश नव्हता, अनुदान नव्हतं, पाच पी.टी. शिक्षकांची हौस होती. डिसेंबर २०१९ मधला एक सामना सांगतो. कोणत्या वजनापासून सुरुवात करायची ते आम्ही चिठ्ठी टाकून ठरवत होतो. त्या दिवशी चिठ्ठी अशी निघाली की सगळ्यात हलकं, बत्तीस किलोचं वजन शेवटी आलं. आठ कुस्त्या झाल्या तेव्हा आम्ही १९, ते १६. दोन्हीकडे चार-चार विजय. शेवटच्या कुस्तीला आमच्याकडून सातवीतला एक मुलगा, ज्याला वर्ग ‘काडी’ म्हणायचा. समोर घरात तीन पिढ्यांची माती असलेला पोरगा. काडी जिंकणार नाही हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि भिंतीवर बसलेल्या त्याच्या आजोबांनाही ठाऊक होतं.

मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ‘जिंकायचं डोक्यातनं काढ. दोन कामं कर. पाठ लावून घेऊ नकोस, आणि एक गुण घेऊन ये.’ हिशेब सरळ होता. चितपट झाला तर १९-२१, सामना गेला. दहाच्या फरकाने हरला आणि गुणही नाही मिळाला, तर १९-२०, तरी गेला. लढून गुणांवर हरला आणि एक गुण आणला तर २०-१९.

पंधरा वर्षांखालच्या मुलांची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. पहिल्या फेरीत काडी ०-५ ने मागे. दुसऱ्या फेरीत समोरच्या पोराने पुन्हा ताबा घेतला, ०-७. मग भारंदाज डाव भरून काडीला उताणं करायला गेला. काडी मान वळवून पालथाच राहिला, मातीला पोट असं चिकटवलं की जणू खालून कुणी धरलंय. पंचांनी दोघांना उभं केलं. शेवटची वीस-पंचवीस सेकंदं राहिली असतील. समोरचा जिंकल्यातच जमा होता, तो कडेला जाऊन वेळ काढायला लागला. काडीने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि डोकं छातीत खुपसून बैलासारखा ढकलत रेघेबाहेर नेला. एक गुण. कुस्ती ७-१ ने गेली, सामना २०-१९ ने आला.

पंचांनी त्या दुसऱ्या पोराचा हात वर केला, आणि आमच्या पोरांनी काडीला खांद्यावर घेतलं. जिंकलेलं पोरगं हात वर असतानाच आपल्या शिक्षकांकडे बघून म्हणालं, ‘सर, जिंकलो न्हवं मी? मग ही का नाचाय लागल्यात?’

घरी येऊन मी कागद परत पाहिला. नऊपैकी पाच कुस्त्या आम्ही हरलो होतो. चार विजयांचे पंधरा गुण, आणि पाच हरलेल्यांनी प्रत्येकी एक असे आणलेले पाच. त्यांच्या पाच विजयांचे सतरा, पण चार हरलेल्यांपैकी दोघांनीच गुण आणला होता. म्हणजे सामना आमच्या जिंकणाऱ्यांनी नव्हे, हरणाऱ्यांनी जिंकून दिला. पुढच्या शनिवारपासून त्या शाळेची हरणारी पोरंही एका गुणासाठी अशी झुंजायला लागली की आमचे वांधे झाले. त्यांच्या शिक्षकांनी वेगळा उपदेश केला नसावा. फळ्यावर हिशेब मांडला असेल.

अकरा ते चौदा या वयात अंगं किती वेडीवाकडी वाढतात, हे तुम्ही रोज प्रार्थनेच्या रांगेत बघता. सातवीच्या एकाच वर्गात अठ्ठावीस किलोचं पोरगं असतं आणि साठ किलोचंही. एकाला मिसरूड फुटलेलं, दुसऱ्याचे दुधाचे दात अजून पडताहेत. व्हॉलीबॉलला उंच पोरगं घेतात, खो-खोला चपळ. क्रिकेटला अकरा खेळतात आणि उरलेली उसात गेलेला चेंडू शोधतात. गुबगुबीत पोराला तर सगळीकडून ‘तू पंच हो’ असंच सांगतात. सांघिक कुस्तीत बासष्ट किलोचा गडी नसेल तर ती कुस्ती न खेळताच समोरच्यांना जाते. म्हणून डिसेंबरात अख्खा संघ त्या गुबगुबीत पोराच्या घरी जातो आणि त्याच्या आईला म्हणतो, काकी, याला पाठवा. ज्याला आजवर कुणी खेळायला बोलावलं नव्हतं त्याच्या दारात आठ पोरं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. तो मुलगा पुढे मल्ल झाला का? नाही. त्याचं चिकनचं दुकान आहे, आणि अजूनही भेटला की त्या वर्षीच्या सामन्यांचे आकडे चुकवून सांगतो, नेहमी आपल्या बाजूने.

आमच्या भागातले वस्ताद मंडळी या कल्पनेवर हसले होते. त्यांचं म्हणणं, कुस्ती एकट्याची असते. मातीच्या हौद्यात उतरल्यावर कोण कुणाचा? त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, तालीम एकट्याची कधीच नव्हती. जोडीदाराशिवाय लढत होत नाही. डाव शिकायचा तर कुणीतरी तो शंभर वेळा अंगावर घ्यावा लागतो. माती उकरणं, थंडाई घोटणं, खुराकाची भांडी घासणं, सगळं पाळीने. मोतीबाग काय, गंगावेस काय, शाहूपुरी काय, मल्लाच्या नावाआधी तालमीचं नाव लागतं. आम्ही फक्त ते नाव गुणफलकावर आणलं.

जत्रेच्या फडाने आपल्याला एक सवय मात्र वाईट लावली. शेवटची, लाखाची कुस्ती म्हणजेच कुस्ती, आणि ती लढणारा म्हणजे शंभर-सव्वाशे किलोचा पैलवान. बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या दुपारी उन्हात उरकून घेतात, तेव्हा हलगीवालासुद्धा चहाला गेलेला असतो. आणि ज्या कुस्तीने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकचं पहिलं वैयक्तिक पदक दिलं ती कोणत्या वजनाची होती? सत्तावन्न किलोची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२, कांस्य. २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने कांस्य घेतलं तेही सत्तावन्नच किलोत. पाटोद्याकडच्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं ते एकसष्ट किलोत. सांघिक सामन्यात बत्तीस किलोचा विजय आणि बासष्ट किलोचा विजय यांचे गुण सारखे. एवढी एक गोष्ट पोरांच्या मनात बसली तरी बारकं पोरगं खांदे पाडून चालायचं थांबतं.

आता तुमच्या मनातल्या भीतीकडे येतो. ती खोटी नाही.

कानाचं आधी. घासून घासून कानात रक्त साकळतं आणि ते तसंच सोडलं की कान कायमचा मोडतो. तालमीत तो मानाचा समजतात. मी शाळेत तो मानाचा समजत नाही. कान सुजला की लढत बंद आणि दवाखाना. दुसरं त्वचेचं. गजकर्ण एका पोराला असलं तर पंधरा दिवसांत अर्ध्या संघाला होतं. लढतीआधी उघड्या अंगाची पाहणी, प्रत्येकाचा स्वतःचा टॉवेल, नंतर साबणाने अंघोळ, आणि चट्टा दिसला तर औषध पूर्ण होईपर्यंत बाहेर, मग तो संघाचा सगळ्यात चांगला गडी का असेना. मान आवळणारे, सांधा उलटा पिळणारे पेच या वयात नकोत. आमच्या साखळीत तसा पेच दिसला की पंच शिट्टी मारून उभं करायचे आणि शिक्षकांनाच समज द्यायचे, पोराला नाही. एवढं करूनही कधी बोट मुरगळतं, कधी नाक फुटतं. हे पालकांना आधी सांगून त्यांची सही घ्या, लपवू नका.

सगळ्यात मोठी भीती वजनाची आहे, आणि तिच्याबद्दल पालकांना फारशी माहिती नसते. विनेश फोगट पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी पन्नास किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. तिने आदल्या रात्री काय काय केलं ते सगळ्यांनी वाचलं आहे. ती जाणती, मागे डॉक्टरांचा ताफा असलेली खेळाडू होती. अमेरिकेत १९९७ च्या शेवटी तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवता उतरवता दगावले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले. वाढत्या वयाच्या पोराला एका जेवणाचीही काटछाट करायला लावणं हा गुन्हा समजावा. आमचा नियम असा होता : वजन हंगामाच्या सुरुवातीला एकदा, शाळेतल्या डबा खाण्याच्या सुट्टीनंतर, भरल्या पोटी. पोरं वाढतात म्हणून पुढे महिन्याला एक किलोची सूट. तरीही वर गेला तर वरच्या गटात लढायचं, आणि तिथे हरला तरी एक गुण आणायचा. उपाशी राहून खालच्या गटात शिरण्याचा मोह इथे मुळातच कमी असतो, कारण खालच्या गटात संघाचा दुसरा गडी असतोच. बाद पद्धतीत हा मोह जास्त.

मुलींच्या तीन कुस्त्यांवर आमच्याकडे पहिल्या वर्षी बराच वाद झाला. एका शाळेने मुली द्यायला साफ नकार दिला आणि पहिला सामना तीन कुस्त्या न लढताच गमावला. दुसऱ्या सामन्याला मुली आल्या. पटवून देण्याचं काम माझ्यापेक्षा गुणफलकाने चांगलं केलं. सांगलीत २०२३ मध्ये महिलांची महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. आता निदान मुलींनी लढावं की नाही हा प्रश्न जुना झाला आहे. पण त्याच वर्षी देशाच्या नामवंत महिला मल्लांना लैंगिक छळाविरुद्ध दाद मागायला दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं, हेही विसरू नका. मुलींच्या सरावाला बाई हजर असल्याच पाहिजेत. शाळेत पी.टी.च्या बाई नसतील तर गणिताच्या चालतील, खुर्ची टाकून वह्या तपासत बसल्या तरी चालतील. आयांना सरावाला यायची मोकळीक हवी. तुमच्या समितीत निम्म्या महिला कायद्यानेच आहेत, त्यांना हे काम सांगा. दार बंद करून सराव नको, कुणाचाच.

खर्चाचं म्हणाल तर मॅट नाही म्हणून अडू नका. दोन ट्रॉल्या तांबडी माती, ती चाळून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, आणि वर पत्र्याचं छप्पर. बऱ्याच गावांत तालीम आहे आणि सकाळी दहानंतर ती रिकामी असते. फक्त तिच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे ते शोधायला लागतं. रोख इनाम मात्र लावू नका. जत्रेत पाचशेची नोट लावली की बाप वजन उतरवायला सांगतो आणि चुलता पंचाशी भांडतो. आम्ही जिंकलेल्या संघाला नारळ द्यायचो आणि तो फोडून दोन्ही संघ खायचे.

वेळ शनिवारची. सकाळची शाळा अकराला सुटते. नऊ कुस्त्या, प्रत्येकी फार तर पाच-सहा मिनिटं, म्हणजे साडेबाराला पोरं घरी. बाहेरून पाहुणा बोलावलात तर दोन वाजतील, म्हणून बोलावू नका. पंच म्हणून शाळेचेच जुने विद्यार्थी मिळतात. तालमीत जाणारा एखादा फर्स्ट इयरचा पोरगा शिट्टी गळ्यात घालायला एका पायावर तयार असतो. गुण लिहायला आठवीची मुलं बसवा. बेरीज चुकली तर समोरची शाळा लगेच सांगते. आमच्याकडे गणितात कच्चा असलेला एक मुलगा दोन महिन्यांत उरलेल्या तीन कुस्त्यांमध्ये कुणाला किती गुण लागतात ते तोंडी सांगायला लागला होता. याचं श्रेय मी गणिताच्या सरांना देऊ दिलं नाही.

साखळीचा शेवटचा सामना १५ जानेवारीला ठेवा. खाशाबांचा जन्मदिवस, आता राज्य क्रीडा दिन म्हणून आपण तो साजरा करतो. शाळांना परिपत्रक येतंच. भाषणं आणि फोटोला हार यापेक्षा त्या दिवशी बारक्या वजनाची एक चुरशीची कुस्ती झालेली बरी.

खाशाबांची आणखी एक गोष्ट मुख्याध्यापकांना उद्देशून सांगावीशी वाटते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मी तुम्हाला घर मागत नाही. आठ-नऊ शनिवार मागतो आहे, आणि तेही अर्धेच.

आमची साखळी २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थांबली. शाळा उघडल्या, साखळी उघडली नाही. पाचपैकी तिघे शिक्षक निवृत्त झालो, एकाची बदली झाली, आणि आखाड्याच्या जागेवर आता सायकली लागतात. कुणी मुद्दाम बंद केली नाही, म्हणून कुणाकडे तक्रारही करता येत नाही. काडी आता आयटीआय करतो. परवा भेटला तेव्हा त्याने विचारलं, ‘सर, आपल्या शाळेची आता कुणाबरोबर कुस्ती असते?’ मी विषय बदलला.

दिवाळीच्या सुट्टीआधी केंद्राची जी शिक्षण परिषद होईल तिच्यात हा विषय पाच मिनिटं घ्यावा, ही विनंती. दोन शाळा तयार झाल्या तरी एक सामना होतो. वजनगटांचा तक्ता, पालकांच्या संमतीपत्राचा नमुना आणि आमची जुनी गुणपत्रकं माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. मागेल त्याला देईन. पहिल्या दोन शनिवारी गुण लिहायला स्वतः येऊन बसेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
तालुका करवीर

ता. क. : लढतीआधी प्रत्येक पोराची नखं बघायची असतात. नेलकटर दोन आणा, एक हरवतोच.